घोस्टबीएसडी रिव्ह्यू: युनिक्सवर पहिल्यांदाच डेस्कटॉप लावायचाय त्यांच्यासाठी

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले इथूनच कल्टी मारू शकतील. लिनक्स थोडंफार बघून झालंय, आता बीएसडी कुळातलं काहीतरी चालवून बघायचंय, पण इन्स्टॉल झाल्यावर काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन लिहून येतं आणि पुढं काय करायचं कळत नाही, अशी ज्यांची गत आहे त्यांनी घोस्टबीएसडी, म्हणजे फ्रीबीएसडी या युनिक्सवर तयार डेस्कटॉप चढवून दिलेला प्रकार, डोळे झाकून घ्यावा. पेनड्राइव्हवरून चालू केला की समोर डेस्कटॉप, मेनू, फायरफॉक्स, वायफायचं चिन्ह, सगळं हजर. पण त्याचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो आणि तो फार कमी लोक करतात. तो म्हणजे चालू असलेल्या घोस्टबीएसडीच्या फायली उघडून वाचायच्या आणि मग तेच साध्या फ्रीबीएसडीवर स्वतःच्या हातानं लावायचं. ते कसं, ते खाली येईलच.

पार्श्वभूमी थोडक्यात. फ्रीबीएसडी 1993 पासून आहे, बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या वंशातलं. सर्व्हरवाल्यांचं लाडकं, पण डेस्कटॉप ही त्यांनी कायम वापरणाऱ्यावर सोडलेली गोष्ट. त्याचा इन्स्टॉलर आजही अक्षरांच्या निळ्या चौकटींचा, आणि 14 मालिकेपर्यंत तरी इन्स्टॉल संपल्यावर तुम्हाला मिळतो तो फक्त प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची रिकामी ओळ. ही अडचण सोडवायचा प्रयत्न आधीही झाला होता, जुन्या लोकांना पीसीबीएसडी आठवत असेल, 2005 च्या सुमाराला आलेला, 2016 मध्ये त्याचं नाव ट्रूओएस झालं आणि 2020 मध्ये ते प्रकरण मिटलंच. घोस्टबीएसडी मात्र टिकला. कॅनडातल्या एरिक टर्जननं चालू केला, सुरुवातीला नोम डेस्कटॉप असायचा, आता माटे आहे, आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आवडणाऱ्यांसाठी समुदायाची वेगळी आवृत्ती. आवृत्तीचं नाव नीट वाचलं तर आतली गोष्ट कळते, म्हणजे 25.01-आर14.2पी1 असं लिहिलेलं असेल तर 2025 मधली पहिली, आणि खाली फ्रीबीएसडी 14.2. मला ही पद्धत आवडली, उगाच प्राण्यापक्ष्यांची नावं नाहीत.

आता वापरायची गोष्ट. इमेज अडीच-तीन जीबीची आहे, उतरवायची, एचर किंवा तत्सम कशानं तरी पेनड्राइव्हवर लिहायची. विंडोजवर रुफस वापरत असाल तर तो विचारेल तेव्हा डीडी मोड निवडा. मशीनच्या बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीमच चालू होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं, फ्रीबीएसडी कुळात त्याचा सरळ सपोर्ट नाही. इथं एक धोक्याची सूचना, आणि ही कुणी देत नाही म्हणून जरा ओरडून देतो: लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्यात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज परत उघडताना रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी शोधून कागदावर लिहून ठेवा, मग बायोसला हात लावा. विशेषतः ऑफिसच्या लॅपटॉपवर हे उद्योग करू नका, आयटीवाल्यांसमोर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

पेनड्राइव्हवरून चालू व्हायला जरा वेळ लागतो, पडद्यावर अक्षरं धडाधड वर सरकतात, नवीन माणूस घाबरतो. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तो म्हणाला, मामा, हे बिघडलंय का? म्हटलं गप बघत बस, युनिक्स असाच बोलत बोलत उठतो. मग माटेचा डेस्कटॉप आला आणि पोरगं एकदम खूश, कारण त्याच्या कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्ससारखाच दिसला. खरंय ते, वरवर बघून कळतच नाही की खाली लिनक्स नाहीये. माटे म्हणजे जुन्या नोम दोनचाच पुढं चालवलेला अवतार, 2011 च्या सुमाराला ज्यांना नोम तीन पटला नाही त्यांनी धरून ठेवलेला, त्यामुळे मेनू, खिडक्यांची पट्टी, राइट क्लिक केलं की जे यायला पाहिजे तेच येतं. नवख्याला याच्याइतकं कमी समजावून सांगावं लागणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

लाइव्ह चालवून बघायचा खरा फायदा म्हणजे इन्स्टॉलच्या आधीच कळतं की तुमचं हार्डवेअर चालतंय का. बीएसडीत हा प्रश्न लिनक्सपेक्षा मोठा आहे, खोटं कशाला बोला. इंटेलचं ग्राफिक्स आणि इंटेलचं वायफाय असलेले काही वर्षं जुने लॅपटॉप, म्हणजे रिफर्बिश्ड बाजारात ढिगानं मिळणारे थिंकपॅड टी480 सारखे, हे साधारणपणे सुखात चालतात. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर बहुतेक रडारड. मीडियाटेकचं असेल तर आत्ताच अपेक्षा ठेवू नका. रिअलटेकचं काही चालतं, काही नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना लॅपटॉप घ्यायला जाणार असाल तर घोस्टबीएसडीचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन जा आणि दुकानदाराला म्हणा पाच मिनिटं चालू करून बघू द्या. वायफायची यादी दिसली, आवाज आला, झाकण लावून उघडल्यावर पडदा परत आला, मग पैसे काढा. हे तीन बघितलं की बाकीचं पुढं जमवता येतं.

आणि वायफाय चालत नसेल तरी डाव हातचा गेला असं नाही. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, फ्रीबीएसडीला तो यूई0 नावाचं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो. आपोआप आयपी मिळाला नाही तर टर्मिनलमध्ये रूट (सगळे अधिकार असलेला यूझर) होऊन डीएचक्लायंट यूई0 (dhclient ue0) एवढं टाइप करायचं. झालं इंटरनेट. कित्येक वेळा वायफायचं फर्मवेअर (चिपला चालायला लागणारी फाइल) उतरवायलाच इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी वायफाय लागतं अशी गोची होते, तेव्हा ही केबल कामाला येते. फर्मवेअर उतरवायला 14 मालिकेपासून एफडब्ल्यूगेट नावाची कमांड आलीय, ती स्वतःच बघते कुठली चिप आहे आणि पाहिजे ते पॅकेज आणते. पूर्वी हे शोधण्यात रात्र जायची.

इन्स्टॉलरबद्दल फार बोलण्यासारखं नाही, भाषा, कीबोर्ड, वेळ, डिस्क, पुढे पुढे पुढे. पूर्ण डिस्क दिली की त्यावर झेडएफएस ही फाइलसिस्टीम टाकून मोकळा होतो. डिस्कवर आधी जे काही असेल ते सगळं जातं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. विंडोजच्या शेजारी लावता येतो, त्यासाठी हातानं पार्टिशन करायचा पर्याय आहे, पण पहिल्याच दिवशी त्या भानगडीत पडू नका. वेगळी एसएसडी किंवा जुना लॅपटॉप असेल तर तोच वापरा. डिस्कची नावं बघून गोंधळ होईल, इथं एसडीए वगैरे नसतं, साध्या सॅटा डिस्कला एडीए0, नवीन एनव्हीएमईला एनडीए0 आणि पेनड्राइव्हला डीए0. हे तिन्ही एकमेकांसारखे दिसतात म्हणून डिस्क निवडताना नावावर जाऊ नका, साइज बघा.

इन्स्टॉल झाल्यावर काय मिळतं? सॉफ्टवेअर स्टेशन नावाचं दुकान आहे, त्यात शोधायचं, टिक करायचं, लावायचं. आतून तो पीकेजी ही फ्रीबीएसडीची पॅकेज लावायची कमांडच चालवतो. दिसायला साधा आहे, स्क्रीनशॉट आणि स्टार वगैरे काही नाही, आणि मला विचाराल तर तेच बरंय. नेटवर्कसाठी पट्टीवर छोटं चिन्ह आहे, पासवर्ड टाकला की जोडतो. पण सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे अपडेट स्टेशन. अपडेट करायच्या आधी तो झेडएफएसचं बूट एन्व्हायर्नमेंट बनवून ठेवतो, म्हणजे चालू असलेल्या सिस्टीमची जशीच्या तशी प्रत, आणि ती फुकटात, कारण झेडएफएस बदललेला भागच फक्त वेगळा साठवतो. अपडेटनंतर काही बोंबललं तर मशीन परत चालू करताना सुरुवातीच्या मेनूतून कालची प्रत निवडायची, की कालचा डेस्कटॉप परत. नवख्याच्या हातात सिस्टीम देताना माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी निश्चिंती आहे. पोरं बिनधास्त मोडतोड करतात, शिकतात, मी रात्री अकराला फोन उचलत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मी वर म्हटलो होतो. बहुतेक लोक इथं थांबतात. डेस्कटॉप आला, फायरफॉक्स चालला, संपलं. मग यूट्यूबच बघायचं होतं तर विंडोज काय वाईट होतं? युनिक्स शिकायचं म्हणून हे लावलं असेल तर टर्मिनल उघडा आणि ईटीसी फोल्डरमधली आरसी डॉट कॉन्फ (/etc/rc.conf) ही फाइल बघा. दहा-वीस ओळींची छोटी फाइल, एकेक ओळ म्हणजे एकेक स्विच. डीबस (प्रोग्रॅमांमधला निरोप्या) एनेबल यस. लाइटडीएम (लॉगिनचा पडदा) एनेबल यस. केएलडी लिस्टमध्ये, म्हणजे लोड करायच्या ड्रायव्हरांच्या यादीत, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. म्हणजे तुम्हाला जो डेस्कटॉप दिसतोय तो जादूनं आलेला नाही, या ओळींमुळे आलाय. ही फाइल पेनड्राइव्हवर किंवा फोनवर उतरवून ठेवा. तुमच्याच मशीनवर चालून दाखवलेली उत्तरपत्रिका आहे ती.

मग दुसऱ्या डिस्कवर किंवा त्याच डिस्कवर साधं फ्रीबीएसडी टाका. आणि बघा, आता काळ्या पडद्याची भीती वाटत नाही, कारण कुठं पोचायचंय ते तुम्ही बघून आलाय. क्रम असा. पहिल्यांदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, त्यासाठी डीआरएम-केमॉड हे पॅकेज, आणि आरसी डॉट कॉन्फमध्ये केएलडी लिस्टला इंटेलसाठी आय915केएमएस किंवा एएमडीसाठी एएमडीजीपीयू. त्यानंतर स्वतःचा यूझर व्हिडिओ ग्रुपमध्ये टाकायचा, हे विसरलं की डेस्कटॉप येतो पण रडत रडत चालतो, खिडकी ओढली की मागं शेपूट राहतं, आणि लोक बसतात ड्रायव्हरला शिव्या देत. मग एक्सऑर्ग, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा एक्स. मग डीबस. मग एक्सएफसीई किंवा केडीई जे काय आवडेल ते. आणि शेवटी लॉगिनचा पडदा दाखवणारा, लाइटडीएम किंवा एसडीडीएम. केडीई लावणार असाल तर प्रॉक ही फाइलसिस्टीम माउंट करायची एक ओळ एफएसटॅबमध्ये (काय काय माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) घालावी लागते, फ्रीबीएसडीत ती आपोआप नसते.

हा क्रम पाठ करायची गरज नाही, पण थर समजून घ्या, कारण बिघाड शोधताना हाच उपयोगी पडतो. नळाला पाणी येत नाही तेव्हा आपण आधी वॉल बघतो, मग गच्चीवरची टाकी, मग मोटर, तसंच इथं. लॉगिनचा पडदाच येत नाही? लाइटडीएम बंद करा आणि हातानं स्टार्टएक्स चालवून बघा. स्टार्टएक्सही पडतंय? व्हार-लॉगमधली एक्सऑर्गची लॉग फाइल उघडा, कंसात दोन ई असलेल्या ओळी शोधा, चूक तिथं लिहिलेली असते. त्यात नो स्क्रीन्स फाउंड असं असेल तर बहुतेक वेळा प्रश्न एक्सचा नसतोच, खालचा ड्रायव्हर लोड झालेला नसतो, केएलडीस्टॅट कमांडनं बघा. म्हणजे वरून खाली एकेक पायरी. हे ज्याला जमलं त्याला कुठल्याही युनिक्सवर डेस्कटॉप लावता येतो, ओपनबीएसडी असो की डेबियन, नावं बदलतील, थर तेच.

जुन्या गाइडांपासून मात्र सांभाळून. शोधलं की दहा-दहा वर्षांपूर्वीची पानं वर येतात आणि त्यात हमखास लिहिलेलं असतं की आरसी डॉट कॉन्फमध्ये एचएएलडी चालू करा. एचएएल हा हार्डवेअर ओळखणारा जुना प्रकार कधीच गेला, आता लागत नाही. त्या पानावर एचएएलडी दिसला की पान बंद करायचं, बाकीचंही शिळंच असणार. तसंच ग्राफिक्सचा ड्रायव्हर लोडर डॉट कॉन्फ या दुसऱ्या फाइलमध्ये टाका असं कुणी सांगत असेल तर नको, तो केएलडी लिस्टमधूनच लोड करायचा. आणि एक्सऑर्गची कॉन्फिग फाइल आधीच बनवून घ्या म्हणणारे, त्यांनाही नमस्कार, आजकाल बहुतेक मशीनवर त्या फाइलशिवायच काम होतं. वाचायचं असेल तर फ्रीबीएसडीचं हँडबुक वाचा, फुकट आहे, एक्स विंडोवर आणि डेस्कटॉपवर वेगळी प्रकरणं आहेत. भाषा कोरडी आहे, पण एकही शब्द वायफळ नाही. लिनक्समध्ये आपल्याला सवय असते प्रश्न पडला की चार अनोळखी लोकांची उत्तरं एकत्र करून चिकटवायची, इथं एका जागी सरळ लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे, याची सवय व्हायलाच वेळ लागतो.

मधला एक रस्ता पण आहे, डेस्कटॉप-इन्स्टॉलर नावाचं पॅकेज. साधं फ्रीबीएसडी टाकल्यावर हे एक पॅकेज लावायचं, चालवायचं, मग ते अक्षरांच्या मेनूतून विचारत जातं, कुठला डेस्कटॉप पाहिजे, हे पाहिजे का, ते पाहिजे का, आणि त्याप्रमाणे सगळं लावून देतं. काम चोख करतं. फक्त प्रश्न खूप विचारतं आणि नवख्याला त्यातल्या निम्म्यांचा अर्थच लागत नाही, तो आपला हो हो करत जातो. मी हे अशा माणसाला सांगेन ज्यानं एकदा हातानं लावून बघितलंय आणि आता दुसऱ्या मशीनवर तेच परत करायचा कंटाळा आलाय.

घोस्टबीएसडीकडे परत. उणिवा आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खालच्या फ्रीबीएसडीच्याच आहेत. पहिली, घरातल्यांना चटकन जाणवणारी: सबस्क्रिप्शनवाली व्हिडिओ ॲपं ब्राउझरमध्ये सरळ चालत नाहीत, कारण त्यांना लागणारं वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप) फ्रीबीएसडीसाठी गूगल देत नाही. गंमत बघा, नेटफ्लिक्स जगभर व्हिडिओ पाठवायला जी मशीनं वापरतं ती स्वतः फ्रीबीएसडीवर चालतात, आणि आपल्या फ्रीबीएसडीच्या डेस्कटॉपवर नेटफ्लिक्स लावायचं तर लिनक्सचा क्रोम आत बसवायची खटपट. यूट्यूब व्यवस्थित चालतं. ब्लूटूथ हेडफोन हा दुसरा रडका विषय, जमतो, पण त्यासाठी जेवढ्या कमांडी माराव्या लागतात तेवढ्यात वायरचा हेडफोन घेऊन येता येईल. आवाजाची एक बारीक खोड, एचडीएमआयलाही फ्रीबीएसडी साउंड कार्ड समजतं, त्यामुळे कधी आवाज न दिसणाऱ्या मॉनिटरकडे जातो आणि स्पीकर गप्प. सिसकंट्रोल (sysctl) या सेटिंग बदलायच्या कमांडनं एचडब्ल्यू डॉट एसएनडी डॉट डिफॉल्ट युनिट (hw.snd.default_unit) हा आकडा बदलला की येतो. कुठले आकडे आहेत ते डेव्ह-एसएनडीस्टॅट फाइलमध्ये दिसतात. नवीन लॅपटॉपवर झोपवणं-उठवणं हा तर नशिबाचा भाग, जुन्या पद्धतीची एस3 झोप असलेली मशीनं त्यातल्या त्यात शहाणी.

लॅपटॉपच्या बाबतीत सुधारणा चालू आहे हे मात्र मान्य करायला हवं. फ्रीबीएसडी फाउंडेशननं क्वांटम लीप रिसर्चबरोबर मिळून साडेसात लाख डॉलर खास लॅपटॉप सपोर्टसाठी काढले, वायफाय, झोप, ग्राफिक्स असल्या गोष्टींसाठी. त्याचा परिणाम दिसतोय, 14.3 मध्ये इंटेलच्या वायफायला एकदाचा एसी (802.11ac) वेग मिळाला, त्याआधी कित्येकांना चांगलं कार्ड असून जुन्या वेगानंच चालवावं लागायचं. म्हणून आवृत्तीच्या नावात आर14.3 किंवा त्यापुढचा आकडा आहे ना ते बघून घ्या म्हणतो, उगाच जुनी इमेज उतरवू नका.

घोस्टबीएसडीच्या स्वतःच्या उणिवा म्हणाल तर एक म्हणजे त्याची पॅकेजांची कोठारं वेगळी आहेत. फ्रीबीएसडीच्या कोठारातून एखादं पॅकेज ओढून यात घालायचा मोह होतो, पण मिसळामिसळ केली की कधीतरी अपडेटला गाठ बसते. दुसरी, टर्मिनल उघडल्यावर फिश हा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) येतो. दिसायला सुंदर, लिहिता लिहिता सुचवत जातो, मलाही आवडतो, पण कॉलेजच्या पुस्तकातली शेल स्क्रिप्ट त्यात जशीच्या तशी टाइप केली की चुका दाखवतो, कारण त्याचं व्याकरणच वेगळं आहे. पोरांना वाटतं आपलंच चुकलं. तिथं नुसतं एसएच टाइप करून एंटर मारायचं, मग पुस्तकातलं चालतं. तिसरी, माहितीपर पानं तुटपुंजी आहेत, शेवटी फ्रीबीएसडीच्या हँडबुककडेच यावं लागतं. आणि चौथी तक्रार नाही, काळजी आहे: मागं माणसं थोडी आहेत. मोठ्या कंपनीचा हात नाही. पीसीबीएसडीचं काय झालं ते आठवतं म्हणून म्हणतो. पण त्यासाठीच खाली साधं फ्रीबीएसडी हातानं लावता यायला पाहिजे, उद्या हे थांबलं तरी तुमचं अडत नाही.

रॅमबद्दल. 4 जीबी कमीत कमी सांगतात आणि त्यात चालतो, पण ब्राउझरच्या सात-आठ टॅब उघडल्या की कळतं. 8 जीबी असेल तर मजेत. टॉप कमांडमध्ये रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरू नका, त्यात एआरसी म्हणून जो आकडा दिसतो तो झेडएफएसनं फायलींसाठी पकडून ठेवलेला साठा असतो, गरज पडली की सोडतो. फारच जुनं मशीन असेल तर त्याला मर्यादा घालता येते.

मराठी टायपिंगचं लोक हमखास विचारतात. माटेच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा, देश भारत निवडायचा, आणि त्यात मराठी दिसतं, ते सुधारित इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड रचना) आहे. इनस्क्रिप्ट येत नसेल तर मराठी कगप नावाचा उच्चाराप्रमाणे चालणारा प्रकारही त्याच यादीत आहे, त्याला अजिबात वेगळं काही उतरवावं लागत नाही. फोनवर मिंग्लिश टाइप करून सुचवण्या निवडायची सवय झालेल्यांना तो जरा कडक वाटेल, पण आठवड्यात बोटं वळतात. वेबपानावर अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर सॉफ्टवेअर स्टेशनमधून नोटो फॉन्ट टाका. हेच साध्या फ्रीबीएसडीवर करायचं तर सेटएक्सकेबीमॅप कमांडला लेआउट यूएस आणि इन, त्यातल्या इनला व्हेरियंट मराठी, असं सांगायचं, ग्राफिकल सेटिंगही शेवटी तेच करते.

कुणाला काय घ्यायला सांगेन? बीसीएस, एमसीए, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्या पोरांना हाच, आणि सेमिस्टरभरात साध्या फ्रीबीएसडीवर स्वतः एक्सएफसीई उभा करून दाखव ही अट घालून. घरचा एकच कॉम्प्युटर असलेल्यांना, ज्यावर बँकेची कामं, मुलांचे ऑनलाइन क्लास आणि बाबांच्या मालिका चालतात, त्यांना अजिबात नको, तिथं जे चाललंय ते चालू द्या. लिनक्स वापरून वापरून कंटाळलेल्यांना डायरेक्ट फ्रीबीएसडी, त्यांना घोस्टबीएसडीत शिकण्यासारखं फार नाही, फक्त हार्डवेअर तपासायला पेनड्राइव्ह ठेवा. आणि मित्राला लावून देत असाल तर कीबोर्ड त्याच्या हातात द्या, आपण बाजूला बसून सांगायचं. मी बघितलंय, आपणच धडाधड टाइप करून दिलं की समोरचा वा वा म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करतो की पडदा काळा झालाय.

काळा पडदा म्हणजे बहुतेक वेळा एकच कारण असतं, साध्या फ्रीबीएसडीवर नव्या आवृत्तीत गेल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुन्याच कर्नेलसाठी बनवलेला राहिलेला असतो. 14.2 पासून कर्नेल मॉड्यूलांसाठी वेगळं कोठार दिलंय म्हणून हे कमी झालंय, तरी होतं. अशा वेळी परत फॉरमॅट मारायला धावू नका. मशीन चालू होताना जो मेनू येतो त्यात सिंगल यूझर निवडा, एंटर मारून शेल घ्या, रूट लिहिता येईल असं माउंट करा, आरसी डॉट कॉन्फमधल्या केएलडी लिस्टच्या ओळीपुढे हॅश टाका आणि रीस्टार्ट. साधा काळा लॉगिन येईल. तिथून पीकेजी अपग्रेड, डीआरएम-केमॉड परत टाकायचा, हॅश काढायचा. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. झेडएफएस असेल आणि अपग्रेडच्या आधी बीईसीटीएल या बूट एन्व्हायर्नमेंटच्या कमांडनं प्रत काढून ठेवली असेल तर तेवढंही नाही, मेनूतून मागची प्रत निवडली की मोकळे.

शेवटचं, इमेज फक्त त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि सोबत दिलेला शा256 चा आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते यावरून कळतं) जुळवून बघा, तीन जीबी उतरवताना आपल्याकडच्या नेटवर मधेच लाइट गेली की फाइल अर्धवट राहते आणि मग अर्धा दिवस इन्स्टॉलरला शिव्या देण्यात जातो. दहा वर्षांपूर्वीचं मशीन असेल तर माटेऐवजी एक्सएफसीईवाली आवृत्ती घ्या.